मुलास विडी आणावयास पाठवू नका



प्रथम कायदा सांगतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यान्वये १८ वर्षांखालील मुलास विडी-सिगारेट विकणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर मुलाच्या हाती तंबाखू देणारास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. कायदा असा, आणि आपल्या हिंगोली-कळमनुरीच्या वस्त्यांत बाप पोरालाच पैसे देऊन दुकानावर पिटाळतो! दुकानदार गुन्हेगार ठरतो, तोही आपल्या सांगण्यावरून.

सार्वजनिक जागी विडी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु हा दंड आपल्या उंबरठ्याबाहेरच राहतो. आत एकाच खोलीत तान्हे मूल व त्याची आई तोच धूर घेत असतात. त्यांनी दाद कोणाकडे मागावी?

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, ही समजूत खोटी आहे. ती विझू नये म्हणून वारंवार जोराने ओढावी लागते, आणि विषारी धूर अधिकच खोल उतरतो.

निकोटीनची तलफ खरी असते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. तेव्हा घरच्यांस अगोदर सांगून ठेवा, आणि १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्या.