नांगर रणगाड्याचा, शेत कुणाचं?

कवीने भूसुरुंगांवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण माझं काम शब्दांशी आहे. सुरुंग काढणाऱ्या लष्करी साधनांची नावं मी वाचली, तेव्हा शेतकऱ्याच्या पडवीतली अवजारंच समोर मांडल्यासारखी वाटली.

आधी 'सुरुंग' हाच शब्द घेऊ. मुळात सुरुंग म्हणजे भुयार. तटाखाली भुयार खणायचं, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या किल्ल्याचा बुरूज असाच उडवला. पुढे भुयार गेलं, नाव मात्र राहिलं. आज वीतभर खोल पुरलेल्या डब्यालाही आपण सुरुंगच म्हणतो. आणि तो 'पेरला' असं म्हणतो. इंग्रजीत तर अशा जागेचं नावच 'माइनफील्ड', सुरुंगांचं शेत.

शेत म्हटलं की अवजारं आलीच. रणगाड्यापुढे बसवतात तो 'माइन प्लाऊ', म्हणजे नांगर. त्याचे फाळ जमिनीत घुसून सुरुंग उकरतात आणि कडेला लोटतात. टी-९० रणगाड्यांसाठी असे १,५१२ नांगर घेण्याचा करार संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये बीईएमएल कंपनीशी केला. 'रोलर' म्हणजे रूळ. त्याची जड चाकं फिरली की सुरुंग दाबला जाऊन फुटतो. 'फ्लेल' म्हणजे झोडणी. फिरत्या दांड्याला लावलेल्या साखळ्या जमीन झोडपत जातात, कोकणात भात झोडतात तशा. १९४२ साली इजिप्तमध्ये एल अलामीनच्या लढाईत ब्रिटिशांनी हे यंत्र वापरलं. त्याचं नाव 'स्कॉर्पिअन', म्हणजे विंचू. आपल्या लष्करात अशा साधनांना 'ट्रॉल' असंही म्हणतात. तो शब्द तर कोळ्याच्या जाळ्याचा!

पण या सगळ्यांत मला खरा अडखळवणारा शब्द आहे 'क्लिअर'. लढाईत फौजेला हवी असते वाट, रणगाडे पार होतील एवढी. नांगराने कडेला लोटलेले सुरुंग तिथेच जिवंत राहतात. काही सुरुंग रुळालाही चकवतात. पहिल्या दाबाला गप्प बसतात आणि दुसऱ्याला फुटतात. फौजेच्या लेखी वाट साफ झालेली असते, शेतकऱ्याच्या लेखी शेत अजून पडीकच.

वाट काढणंही सोपं नसतं. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी मार्गावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे मांडीला जखम असतानाही सुरुंग काढत राहिले. एकदा तर ते रणगाड्याखाली सरपटत गेले आणि दोरीच्या खुणांनी त्यांनी चालकाला वाट दाखवली. कारवारजवळच्या चेंडियेच्या या वीराला परमवीरचक्र मिळालं. त्यांच्या बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आपल्या पुण्यात, खडकीला आहे.

शेत मोकळं करायचं तर फक्त यंत्रांवर भागत नाही. माणसाला गुडघ्यांवर बसावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या योझेफ कोसात्स्की यांनी हातात धरायचा शोधक तयार केला. त्याचं पेटंटही त्यांनी घेतलं नाही. असा शोधक धातू ओळखतो. तो खिळ्याचा, पत्र्याच्या झाकणाचा की सुरुंगाचा, हे त्याला कळत नाही. प्रत्येक आवाजाला थांबायचं. पातळ सळई तिरपी खुपसायची, म्हणजे ती सुरुंगाच्या माथ्याला न लागता कुशीला लागते. मग माती हाताने सारायची. असं वीत वीत करत एकर संपवायचा.

हे फक्त परदेशात घडलेलं नाही. संसदेवर डिसेंबर २००१ मध्ये हल्ला झाला, त्यानंतर पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेवर उभ्या शेतांत सुरुंग पेरले गेले. ते पेरताना आणि पुन्हा काढताना आपले जवान दगावले. शेतकऱ्यांनी पाय गमावले. जमिनी पेरणीवाचून राहिल्या.

म्हणून माझी एक छोटी सूचना आहे. बातमीत 'सुरुंग साफ केले' असं सरसकट लिहू नये. रणगाडे गेले असतील तर 'वाट काढली' म्हणावं. 'शेत मोकळं केलं' हे शब्द मात्र राखून ठेवावेत. जिथे बाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावरून बिनघोर चालत जाईल आणि तिचं पोर पुढे धावलं तरी ती त्याला हाक मारून थांबवणार नाही, त्या दिवसासाठी.