चौकातला फळा

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळा आहे. दोन लोखंडी खांब, त्यांवर ठोकलेला पत्रा आणि पत्र्याला काळा रंग. सध्या त्यावर काय लिहिलं आहे ते आधी वाचून दाखवतो. रविवारी सकाळी नऊला गणेशोत्सवाच्या मांडवाच्या कामाची बैठक. बुधवारी शाळेत रक्तदान शिबिर, येताना काहीतरी खाऊन यावे. शुक्रवारी नळाला पाणी येणार नाही. मशिदीशेजारच्या खोलीत दहावीच्या मुलामुलींसाठी गणिताचा मोफत वर्ग, रोज सायंकाळी सात. आणि सगळ्यात खाली एक ओळ, ‘सर्वांना आगत्याचे निमंत्रण’.

आज मला बोलायचं आहे ते या शेवटच्या ओळीबद्दल.

हा फळा पूर्वी माझे वडील लिहायचे. अब्बा तंतुवाद्यांचे कारागीर. पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून भोपळे यायचे, त्यांचे तंबोरे व्हायचे. नक्षी काढून हात असा बसलेला, की खडूनं लिहिलेलं अक्षरही नक्षीसारखंच उमटायचं. म्हणून मंडळाच्या लोकांनी हे काम त्यांच्या गळ्यात घातलं आणि त्यांनी ते आनंदानं घालून घेतलं. त्यांचे नियम मोजकेच होते. वार, तारीख, वेळ, जागा एवढंच लिहायचं. कुणाचंही नाव मोठ्या अक्षरात लिहायचं नाही. गणपतीची आरती आणि उरुसाचा गलेफ एकाच मापात. आणि शेवटची ओळ कधी पुसायची नाही.

कार्यक्रम लिहायचा म्हणजे आधी तारीख ठरवायची आणि आमच्यासारख्या गावात तारीख ठरवणं ही साधी गोष्ट नसते. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. पंचांगही चंद्रावरच चालतं, पण त्यात सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि सण पुन्हा आपापल्या ऋतूत जाऊन बसतात. एक प्रवासी फिरता, दुसरा घरी परतणारा. म्हणून मी दहा वर्षांचा असताना मिरासाहेबांचा उरूस पावसाच्या तोंडावर यायचा, छत्री घेऊन जावं लागायचं. अलीकडे तो थंडीत येतो आणि अंगावर शाल लागते.

मात्र साधारण तेहेतीस वर्षांनी हे दोघे एकाच वाटेवर भेटतात. मोहरमचा चंद्र आणि भाद्रपदाचा चंद्र एकच असतो. १९८६ च्या आसपास असं झालं, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. पंजेही बसले होते आणि गणपतीही. मांडवाच्या दिव्यांची आणि पंजांच्या दिव्यांची वायर एकाच वायरमननं ओढली होती. आरतीचे ढोल आणि मोहरमचे नगारे एकाच वेळी वाजले असते, तर कुणालाच काही ऐकू आलं नसतं. दोन्हीकडची माणसं अब्बांच्या दुकानात भुशात बसली. बराच वेळ वाद झाला, आवाज चढले, चहा दोनदा आला. शेवटी आरती अर्धा तास आधी आणि नगारे अर्धा तास नंतर, असं ठरलं. अब्बांनी ते लगेच फळ्यावर लिहून टाकलं, म्हणजे रात्रीतून कुणाचं मन बदलायला नको.

तोच योग मी पुन्हा २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षांत पाहिला. पुढचा २०५० च्या आसपास येईल. तेव्हा मी असलो, तर ऐंशीचा असेन.

२०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. पुढची दोन वर्षंही दोन्ही दिवस एकमेकांना खेटून आले. त्याही वेळी मुंबईतला जुलूस पुढे गेला. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. पण अशा प्रत्येक बातमीच्या मागे कुठल्या तरी दुकानात, कुठल्या तरी ओट्यावर झालेली बैठक असते. ती छापून येत नाही.

आमच्या भागाला हे नवं नाही. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. कुरुंदवाडलाही काही मशिदींत बसतो. मिरासाहेबांच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा. हे सांगताना ऊर भरून येतो. पण मी आज फक्त गोडच सांगितलं, तर ते खोटं होईल.

२००९ साली याच मिरजेत दंगल झाली. गणेशोत्सवातल्या स्वागत कमानीवरच्या चित्रावरून वाद पेटला आणि संचारबंदी लागली. तोवर अब्बांचा हात थरथरू लागला होता. फळा मी लिहीत होतो. ‘गुरुवार, ३ सप्टेंबर, विसर्जन मिरवणूक’ हे शब्द माझ्याच अक्षरातले होते. मिरवणूक त्या दिवशी निघाली नाही. खिडकीच्या फटीतून फळा दिसायचा. रिकाम्या रस्त्यावर माझंच अक्षर आणि त्याखाली ‘सर्वांना आगत्याचे निमंत्रण’. ती ओळ मला वाचवेना. आपणच ती लिहिली याची लाज वाटत होती, आणि लाज का वाटते हेही कळत नव्हतं.

संचारबंदी शिथिल झाली तेव्हा मी दुधाची पिशवी घेऊन बाहेर पडलो. फळ्यापाशी मंडळाचे आप्पा उभे होते. हातात ओलं फडकं. त्यांनी तारीख पुसली, मिरवणूक पुसली आणि फडकं पिळून थांबले. म्हणाले, “खालचं राहू दे. ते तुझ्या अब्बांचं आहे.” एवढंच बोलून ते घरी गेले. मीही दूध आणायला गेलो.

त्यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं का? नाही. दोन घरं गल्ली सोडून गेली. पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीला मी गेलो, पण दाराजवळ बसलो. आत जाऊन बसायला मला आणखी दोन वर्षं लागली. ‘आत या’ असं कुणी म्हटलं नाही असं नव्हे. म्हणत होते. माझेच पाय जड झाले होते.

आता अब्बा नाहीत, आप्पाही नाहीत, आणि कार्यक्रमांचे निरोप मोबाईलवर येतात. मंडळाचा ग्रुप आहे, त्यात मी नाही. जमातीचा ग्रुप आहे, त्यात शेजारचं घर नाही. यात कुणाचा दुष्टावा नाही. ज्याच्याकडे ज्याचा नंबर, तो त्याला घेतो. पण दहा पावलांवर काय चाललं आहे हे आपल्याला कळेनासं झालं.

मागच्या वर्षी जमातीनं आमच्या गल्लीत मोफत नेत्रतपासणी ठेवली होती. डॉक्टर आले, दिवसभर रांग होती. त्याच दिवशी समोरच्या काकू रिक्षा करून सांगलीला गेल्या आणि पैसे भरून डोळे तपासून आल्या. मोतीबिंदू निघाला. संध्याकाळी मला म्हणाल्या, “अरे, दारात डॉक्टर आला होता आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. निरोप माझ्या खिशातल्या मोबाईलवर होता. मी तो वाचला होता आणि खिशात ठेवला होता. त्यांना सांगायला हवं हे माझ्या लक्षातच आलं नाही. शिबिर मुसलमानांनी ठेवलं म्हणून डोळे काही मुसलमानांचेच तपासायचे नव्हते. तसं कुणाच्या मनातही नव्हतं. फक्त फळ्यावर लिहायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काळ्या रंगाचा डबा आणला. गंजलेला फळा घासला, रंगवला आणि पुन्हा लिहायला लागलो. पोरं हसतात. म्हणतात, चाचा, फोटो काढून ग्रुपवर टाका ना. मी म्हणतो, जरूर टाका, सगळ्याच ग्रुपांवर टाका. पण फळा जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतो, त्याचं नाव-गाव विचारत नाही. मला अजूनही कविसंमेलनांतून कुणीतरी कौतुकानं म्हणतं, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता!’ माझ्या आईनं मला याच गल्लीत मराठीत हाका मारल्या. फळा मला असं कधी म्हणत नाही.

येत्या दिवसांत फळ्यावर बरंच काही लिहायचं आहे. गणपतीच्या दहा दिवसांचे कार्यक्रम, निबंधस्पर्धा, महिलांचा आरोग्य मेळावा. मग नवरात्र, अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव. पुढे उरूस, दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली बसणारी गाण्याची सभा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत ती भरते. खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहानशा स्टेशनवर गेले, पण त्यांची माती मिरजेत आहे. कैरान्यात जन्मलेला हा माणूस इथला झाला. गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी त्याला इथला करून घेतलं.

माझं मागणं लहान आहे. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत येत्या महिन्याभरात जे कार्यक्रम आहेत, त्यांपैकी एका तरी कार्यक्रमाला जा, जो ‘आपला’ नाही. भाषण करू नका, सत्कार घेऊ नका, मागच्या रांगेत बसा. प्रसाद मिळाला तर खा, सरबत मिळालं तर प्या. आणि तुमच्याकडे काही कार्यक्रम असेल, तर समोरच्या दारात जाऊन तोंडानं सांगा. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी सांगा.

मीही जाणार आहे. रविवारी नऊला मांडवाची बैठक आहे. या वेळी दाराजवळ नाही, आत सतरंजीवर बसणार आहे. आणि काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. ते काही फळ्यावर लिहायचं नसतं, पण गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)