काटा खुणेवर, वेग गिअरवर

अमळनेर तालुक्यातल्या ताई-मावश्यांनो, लिंबाच्या बागेत गवत कापताना गटाचा मिनी ट्रॅक्टर दबला, की आपण डिझेल वाचवायला रेस कमी करतो. चूक तिथंच होते. पातं पीटीओवर फिरतं. रेस घटली की तेही मंदावतं, गवत कापण्याऐवजी ओरबाडतं आणि मशीन तुंबतं. म्हणून काटा मीटरवरच्या ५४०च्या खुणेवर ठेवा. गवत दाट असेल तर गिअर खालचा घ्या. खुणेच्या वरही नको, हादऱ्यानं बेअरिंग जातात.

आणि एक. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टमध्ये गेलेला पदर सोडवायला वेळच मिळत नाही. आधी पदर खोचा. अडकलेलं गवत काढायचं असेल तर इंजिन बंद करा आणि चावी आपल्या कमरेला लावा.