पान ओळखता, तशी पापणीही ओळखा



आपल्या राळेगाव तालुक्यात पऱ्हाटीचं पान लाल पडलं की आपण म्हणतो, लाल्या आला. पण जाणता शेतकरी लगेच पंप पाठीवर घेत नाही. तो आधी पान उलटून पाहतो. तुडतुडे असले तर इलाज वेगळा. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं असेल तर वेगळा. मुळाशी पाणी साचलं असेल तर आणखी वेगळा. लक्षण एक, कारणं अनेक.

माणसाच्या देहाचंही तसंच आहे. महात्मा गांधींनी १९४६ साली पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. निसर्गोपचारवाले रोग्याचे डोळे, जीभ, नखं, कातडी बारकाईने पाहतात. दवाखान्यातले डॉक्टरही पाहतात. ही लक्षणं तुम्हीही घरी पाहू शकता. सकाळी चांगल्या उजेडात पाहावे.

१) डोळे: खालची पापणी हळूच ओढा. आतून लालसर असावी. फिक्की दिसली तर रक्त कमी असण्याची शंका घ्यावी.

२) जीभ व ओठ: जीभ गुळगुळीत, तोंडाचे कोपरे चिरलेले असतील, तर आहारात जीवनसत्त्वं किंवा लोह कमी पडत असेल.

३) नखं: खोलगट, चमच्यासारखी झाली तर लोहाची कमतरता असू शकते. पांढरे ठिपके मात्र बहुधा लहानशा माराचे असतात. त्यांची काळजी नको.

४) दिवेलागणीला ठेचकाळणारं मूल: हे रातांधळेपण असू शकतं. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी लगेच दवाखाना गाठावा.

५) लहान मुलाचे दोन्ही पाय सुजलेले, बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो: हे गंभीर कुपोषणाचं लक्षण असू शकतं. थांबू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड अंगणवाडीत पट्टीने मोजून घ्या. माप साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं, तरीही तेच समजा.

बुबुळ पाहून अख्ख्या देहाचे रोग सांगतो म्हणणाऱ्यावर मात्र विसंबू नका. तपासण्यांत ते खरं ठरलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. कापूस वेचताना एखाद्या बाईला धाप लागते, ती लवकर थकते. तिला आळशी म्हणू नका, पापणी पाहा. ती घरात सगळ्यांच्या मागून जेवते का, तेही पाहा. तिच्या ताटात भाकरीसोबत तुरीचं वरण, बरबटी, शेवग्याचा पाला वाढा, वरून लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा नको. त्याने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

पण फिक्की पापणी म्हणजे फक्त लोह कमी, असं धरून चालू नका. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. रक्त कमी होतं, सांधे ठणकतात, डोळे पिवळे दिसतात. हा आजार आईबापांकडून येतो, नुसत्या गोळ्यांनी जात नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल, दोन्ही तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पान पाहून शंका घ्यावी, मुळाशी जाऊन खात्री करावी. वावरात हे आपण रोज करतो. उद्या सकाळी घरातही करा. आधी घरच्या लक्ष्मीची पापणी पाहा, मग लेकरांची.