घाम दिसत नाही, पण जातो



आता मुलीही सायकलवर लांबच्या प्रवासाला निघतात. कौतुकच आहे. पण कुणी राजस्थानच्या वाळवंटात जायचं म्हणत असेल, तर तिला एवढं जरूर सांगा.

जैसलमेर ते बिकानेर हा रस्ता सुमारे ३३० किलोमीटरचा. वाटेत फलोदी लागतं. तिथे मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. तिथली हवा कोरडी, त्यात सायकलवर लागणारा वारा. घाम आला की लगेच वाळतो. अंग ओलं दिसत नाही, म्हणून शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही.

घामाबरोबर मीठही जातं. म्हणून नुसत्या पाण्यावर राहू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून मधूनमधून प्यावं.

प्रवास हिवाळ्यातच करावा. पुढचं पाणी कुठे मिळेल हे विचारल्याशिवाय गाव सोडू नये. आणि एकटीने जाऊ नये. उष्माघात झालेली बाई असंबद्ध बोलते, झोकांड्या खाते, तरी "मला काही झालं नाही" म्हणते. ते सोबतिणीलाच कळतं. अशा वेळी तिला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मे महिन्यात रानात राबणाऱ्या आपल्यालाही हेच लागू आहे. बांधावर एकट्या राहू नका, बायांनो.