लग्नाचा हक्क आणि शेजारचा वंचित



एक वंचित समाज दुसऱ्या वंचिताच्या हक्काकडे कसा पाहतो, यावर आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

४ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले. त्याच दिवशी कॅलिफोर्निया राज्यातील जनतेने सुमारे ५२ टक्के मतांनी समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क काढून घेतला. एका पाहणीत ७० टक्के कृष्णवर्णीयांनी बंदीला मत दिल्याचे आले आणि पराभूतांपैकी काहींनी सारा दोष त्यांच्या माथी मारला. पुढे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा हा आकडा ६० टक्क्यांच्या आत निघाला आणि मुख्य कारण वर्ण नसून चर्चची नियमित हजेरी असल्याचे दिसले. उलट बाजूने अनेक कृष्णवर्णीय विचारत, "आमच्या गुलामगिरीशी तुमची बरोबरी कशी?" या भांडणात जे कृष्णवर्णीयही होते आणि समलिंगीही, ते दोन्ही घरांना परके झाले. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची आखणी करणारे बायर्ड रस्टिन असेच होते, हे कोणाला आठवले नाही.

मिल्ड्रेड लव्हिंग या कृष्णवर्णीय स्त्रीला गोऱ्या पुरुषाशी लग्न केले म्हणून १९५८ साली अटक झाली होती. १९६७ साली त्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. २००७ मध्ये त्यांनी समलिंगींच्या विवाहहक्काला जाहीर पाठिंबा दिला. २०१५ साली तो हक्क अमेरिकाभर मिळाला.

आपल्याकडे २०१८ साली समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला. "हे श्रीमंतांचे चोचले" असे आपल्या वस्तीत म्हटले जाते; आम्हीही म्हटले आहे. तिकडे समलिंगींच्या मंडळांतही जात विचारली जाते, हे दलित समलिंगी तरुणांनीच उघडपणे मांडले आहे. म्हणजे इथेही तेच दोन्ही घरांना परके!

बांधवहो, १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा उच्च न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. समलिंगी संबंधांविषयीची प्रश्नोत्तरेही त्या वादात होती. खटला हरला, पण बाबासाहेबांनी "हा माझ्या समाजाचा प्रश्न नाही" असे म्हटले नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून आपल्या मुलांचे मुडदे पडले आहेत. कोणी कोणाशी लग्न करावे हे गावाने ठरवू नये, असे आपण म्हणतो. मग तेच दुसऱ्यासाठी म्हणताना आपली जीभ का अडखळावी?

उद्या आपल्याच घरातले लेकरू हे सांगायला आले, तर त्याला दारातून परत पाठवू नका. मैत्रीची सुरुवात तिथूनच होते.

जयभीम! नमो बुद्धाय!