प्रज्ञावान मुलाची भूक
(भिवंडी येथे शिक्षक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



"मुलगा हुशार आहे हो, पण वर्ग चालू देत नाही." ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नवी नाही. फळ्यावरचे गणित पुरते लिहून होण्याआधी त्याचे उत्तर तयार असते. पुढची पंचवीस मिनिटे त्याने काय करावे, हे मात्र कोणी ठरविलेले नसते. मग तो शेजाऱ्याच्या खोड्या काढतो, प्रगतिपुस्तकावर 'चंचल' असा शेरा पडतो आणि पालकांना बोलावणे जाते. मागे पडणाऱ्या मुलासाठी जादा तास घेणे आपण कर्तव्य मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु पुढे धावणाऱ्या मुलासाठी वेगळे काही करावे म्हटले, की तो लाड ठरतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. 1942 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 140 बुद्ध्यंकाच्या मुलाचा सामान्य वर्गातील निम्मा वेळ फुकट जातो आणि 170 च्या पुढच्या मुलाचा जवळजवळ सगळाच, असे त्यांचे निरीक्षण होते. आळशीपणाची सवय अशा मुलाला शाळाच लावते, असा त्याचा अर्थ निघतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला पद्धतशीरपणे हात घातला तो डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी. 1962 साली पुण्यात त्यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. भिवंडीकरांनी तिच्या इतिहासातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. प्रबोधिनीची पूर्णवेळ प्रशाला सुरू झाली 1969 मध्ये. त्याआधीची सात वर्षे स्वतःची शाळा नव्हती. वेगवेगळ्या शाळांतील निवडक विद्यार्थी शाळेच्या वेळेबाहेर एकत्र येत आणि त्यांना पूरक शिक्षण मिळे. बुद्धी समाजाच्या कामी यावी, ही दृष्टी प्रारंभापासून होती. पुढे प्रज्ञा मानस संशोधिका उभी राहिली आणि तेथे डॉ. उषा खिरे यांनी बुद्धिमापनाचे दीर्घकाळ काम केले. त्या कामाला आधार होता जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा. बुद्धी हा एकच एक आकडा नसून ती अनेक क्षमतांची रचना आहे, असे गिलफर्ड मानत. आरंभी त्यांनी अशा 120 क्षमता कल्पिल्या होत्या.

एका आकड्यावर विसंबण्याचा धोका केवढा, हे लुईस टर्मन यांच्या उदाहरणावरून कळते. 1921 पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार बुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या चाळणीतून विल्यम शॉक्ले आणि लुईस आल्वारेझ ही दोन मुले गळून पडली. शॉक्ले यांना 1956 साली आणि आल्वारेझ यांना 1968 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीपुढे नतमस्तक होणाऱ्यांनी हे विसरू नये. ती परीक्षा वाईट नाही. परंतु शिकवणी वर्गाच्या फलकावर झळकणारे छायाचित्र बुद्धीइतकेच सरावाचेही असते. ज्या मुलाच्या घरी सराव घेणारे कोणी नाही, ते यादीत येणार कसे?

भिवंडीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती बोलणारी मुले येथे शेजारशेजारच्या गल्ल्यांत वाढतात. यंत्रमागांच्या खडखडाटात कांड्या भरायला मदत करणारे मूल आणि तालुक्यातील वीटभट्टीवर हंगामापुरते आलेल्या कातकरी कुटुंबातील मूल यांची बुद्धी पुस्तकी भाषेतील प्रश्नपत्रिकेत कशी दिसावी? गिलफर्ड यांची एक प्रसिद्ध चाचणी आहे: विटेचा उपयोग कशाकशासाठी करता येईल, ते सांगा. येथे एकच बरोबर उत्तर नसते. किती उत्तरे येतात, किती वेगळ्या प्रकारची येतात, हे पाहावयाचे असते. भट्टीवरच्या मुलाला हा प्रश्न त्याच्याच बोलीत, तोंडी विचारला, तर शहरी मुलापेक्षा त्याची यादी लांब निघू शकेल. तोच प्रश्न प्रमाण भाषेत लेखी घातला, तर कागद कोरा येईल आणि आपण त्याला मंद म्हणून मोकळे होऊ.

मूल ओळखले म्हणजे काम संपले, असेही नाही. समुपदेशनाची गरज तेथूनच सुरू होते. प्रज्ञावान मुलाची बुद्धी आणि भावना एका वेगाने वाढत नाहीत. दहा वर्षांचे मूल वाद घालताना पंधरा वर्षांचे वाटते आणि खेळात हरल्यावर सात वर्षांच्या मुलासारखे रडते. घरचे म्हणतात, "एवढा शहाणा, आणि रडतोस काय?" नेमके हेच त्याला म्हणू नये. सदैव पहिला येणाऱ्याला चुकण्याची भीती ग्रासते. अवघड गणित टाळून सोपे करण्याकडे त्याचा कल होतो. मुलींच्या बाबतीत तर आपली हुशारी लपविण्याचीही सवय जडते. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. मुलाला स्वतःची ओळख पटावी आणि चुकायची मुभा मिळावी, एवढ्यासाठी ते असते. आपल्याकडे मात्र दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, एवढ्यापुरतेच ते शिल्लक राहिले आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र दखल घेतली, शाळा आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे सुचविली आणि शिक्षक-प्रशिक्षणात या विषयाला स्थान देण्यास सांगितले. कागदावर हे उत्तम आहे. परंतु साठ मुलांच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला धोरणाचा परिच्छेद उपयोगी पडत नाही. त्याला हवी असते एक वही आणि आठवड्यातले दोन तास. वहीत गुण लिहायचे नाहीत. कोणत्या मुलाने कोणता अनपेक्षित प्रश्न विचारला, कोणी बंद पडलेले यंत्र उघडून पाहिले, कोणी दोन भाषांत गोष्ट सांगितली, हे तारखेसह लिहायचे. दोन तास शनिवारी दुपारी, चार-पाच शाळांनी मिळून. तेथे गणित जाणणारा निवृत्त शिक्षक यावा आणि मागाची रचना उलगडून सांगणारा कारागीरही यावा. उभे-आडवे धागे कसे गुंतले की कोणती नक्षी उमटते, यात सममितीचे आणि आकृतिबंधांचे भरपूर गणित आहे, आणि ते शिकायला भिवंडीइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात फारशी नाही. मुलांनी आपापल्या भाषेत बोलावे. शेजारच्या मुलाने त्याचे मराठी करून सांगावे. आठवड्यात पहिली यादी करायला वीस मुलेही पुरेत, आणि त्यांत 'चंचल' शेऱ्याची निदान पाच असावीत.